काचसामानाचे कोरडे निर्जंतुकीकरण: वेळ किती आणि ती कुठून मोजायची

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्या काही दिवसांतच एक आकडा पाठ होतो: १६० अंश सेल्सिअस, २ तास. आकडा बरोबर आहे. घोटाळा होतो तो हे दोन तास कुठून मोजायचे इथे. हॉट एअर ओव्हनचा स्विच दाबल्यापासून? समोरच्या डिस्प्लेवर १६० दिसल्यापासून? की ओव्हनच्या मध्यभागी, कागदात गुंडाळलेल्या गठ्ठ्यातली पेट्री प्लेट स्वतः १६० ला पोचल्यापासून? उत्तर तिसरे आहे. बाकीचे सगळे नियम या एका उत्तराला धरून येतात, म्हणून ते सुरुवातीलाच सांगतो.

हा लेख मुख्यतः तीन प्रकारच्या नवख्यांसाठी आहे. गोव्यातल्या कॉलेजांत बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलेले विद्यार्थी, पाणी किंवा अन्नपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागलेली मुले-मुली, आणि वेर्णा-कुंडईकडच्या औषध कारखान्यांत क्वालिटी कंट्रोलमध्ये पहिली नोकरी धरलेले. तुम्हाला काम शिकवणारे वरिष्ठ बहुधा घाईत असतात. ‘ओव्हन लाव’ एवढेच सांगून ते पुढच्या कामाला जातात. त्या दोन शब्दांत काय काय येते ते इथे सावकाश पाहू.

आकडे आणि त्यांच्यामागचे कारण

रूढ जोड्या तीन आहेत. १६० अंशांना किमान २ तास, १७० अंशांना किमान १ तास आणि १८० अंशांना किमान ३० मिनिटे. तापमान वाढले की वेळ घटतो. यातली कोणतीही जोडी घेतली तरी चालते, पण रोजच्या कामाला मी १६० किंवा १७० ची शिफारस करतो. १८० च्या पुढे कापसाचे बोळे आणि कागद करपायला लागतात. करपलेल्या कापसातून निघालेली चिकट वाफ काचेवर बसते, आणि तो पिवळट थर पुढे माध्यमात, म्हणजे जिवाणूंना वाढवायच्या खाद्यात, मिसळून त्यांची वाढ रोखू शकतो. स्वस्तातल्या ओव्हनचा थर्मोस्टॅट नेमलेल्या आकड्याच्या पाच-दहा अंश वर जाऊन मग खाली येतो. १८० लावले तर तो मधूनमधून १९० वर जाऊन येणार हे धरून चाला.

इथे नवख्याच्या मनात एक रास्त प्रश्न येतो. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात, १२१ अंशांना १५ मिनिटांत जे होते, त्याला इथे १६० अंश आणि दोन तास का लागावेत? याचे उत्तर पाण्यात आहे. वाफ थंड वस्तूवर बसून पाणी होते तेव्हा दर किलोमागे सुमारे २२५० किलोज्यूल उष्णता एकदम सोडते. शिवाय ओलाव्यात प्रथिने फार कमी तापमानाला गोठतात. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचे जुने उदाहरण पाठ्यपुस्तकांत असते: त्यात ५० टक्के पाणी असेल तर तो ५६ अंशांच्या आसपास गोठतो, ६ टक्के पाणी असेल तर १४५ अंश लागतात, आणि पाणी अजिबात नसेल तर १६० ते १७०. कोरड्या ओव्हनमध्ये आपण जिवाणूंना त्या शेवटच्या पायरीवर मारत असतो. तिथे मुख्य काम ऑक्सिडीकरणाचे, म्हणजे पेशीतले घटक अक्षरशः जळून निकामी होण्याचे. ते सावकाश होते.

रॉबर्ट कॉख आणि गुस्ताव्ह वोल्फह्यूगेल यांनी १८८१ मध्येच हे तपासून पाहिले होते. अँथ्रॅक्सच्या बीजाणूंना (जिवाणूंच्या टणक, सुप्त रूपांना) मारायला १४० अंशांच्या गरम हवेला ३ तास लागले. नुसती गरम हवा गठ्ठ्यांच्या आतपर्यंत किती हळू पोचते हेही त्यांच्या कामातून दिसले.

आता थोडा हिशेब. तो एकदा समजला की डिस्प्लेवरच्या आकड्याकडे तुम्ही वेगळ्या नजरेने पाहाल. कोरड्या उष्णतेसाठी ‘झेड’ मूल्य साधारण २० अंश धरतात. म्हणजे तापमान २० अंशांनी उतरले की मारण्याचा वेग दहापट घटतो. १० अंशांनी उतरले तर तो ०.३२ पट होतो. म्हणजे तुमचा ओव्हन १६० दाखवतोय आणि प्रत्यक्षात काच १५० वर आहे, तर तुमचे १२० मिनिटे म्हणजे खरे जेमतेम ३८ मिनिटे. डिस्प्लेवर तर सगळे ठीकच दिसते. रूढ वेळांमध्ये सुरक्षिततेची भरपूर जागा ठेवलेली असते हे खरे, पण ती जागा चुकीचा थर्मामीटर, दाटीवाटी आणि ओली काच या तिघांनी मिळून खाऊन टाकली तर काय उरते?

ओव्हनमध्ये काय जाते आणि काय जात नाही

काचेच्या पेट्री प्लेट, पिपेट, कल्चर ट्यूब, फ्लास्क, बीकर, काचेच्या सिरिंज, धातूची चिमटी आणि कात्री हे सगळे जाते. पॅराफिन, ग्लिसरीन, तेल, टाल्क यांसारखे वाफ न शिरणारे पदार्थही कोरड्या उष्णतेनेच निर्जंतुक करतात, पण त्यांची वेळ त्यांच्या थराच्या जाडीप्रमाणे वेगळी ठरते. ती काचेवरून अंदाजाने घेऊ नका.

पाणी असलेली कोणतीही गोष्ट जात नाही. माध्यमे, सलाइन, बफर हे ऑटोक्लेव्हचे काम. अळंब्यांचे बियाणे करणारे काही जण ज्वारी किंवा गहू भरलेल्या बाटल्या ओव्हनमध्ये घालता येतील का असे विचारतात. येत नाहीत. दाणे करपतात आणि त्यांच्या मधोमध बीजाणू जिवंत राहतात. रबराचे बूच, रबरी नळ्या आणि बहुतेक प्लास्टिकही नाही.

झाकणांच्या बाबतीत एक बारीक गोष्ट आहे. रीएजंट बाटल्यांची निळी झाकणे पॉलिप्रॉपिलिनची असतात आणि १४० अंशांपर्यंतच टिकतात. तांबडी झाकणे १८० पर्यंतची असतात. बाटलीच्या तोंडावरची निळी ओतकडीसुद्धा काढायला विसरू नका, ती झाकणासोबतच वितळते. झाकण लालच असले तरी बाटली १७० च्या वर नेऊ नका, म्हणजे थर्मोस्टॅटच्या चढउतारालाही जागा राहते.

पाण्याच्या नमुन्याच्या बाटल्या, ज्यांत क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेट घातलेले असते, त्या सरळ ऑटोक्लेव्हला द्या.

आणि स्पिरिटने पुसलेली किंवा अल्कोहोलमध्ये बुडवलेली वस्तू ओव्हनमध्ये कधीही ठेवू नका. बंद पेटीत अल्कोहोलची वाफ साठली आणि तिथे हीटरची तार तापली तर स्फोट होऊ शकतो. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी बाकी काही सांगितले नाही तरी हे सांगतो.

मापाच्या फ्लास्कबद्दल: सूक्ष्मजीवशास्त्रातल्या खुणांच्या पिपेट नेहमी ओव्हनमध्ये जातात आणि कामापुरत्या बरोबर राहतात. पण रसायनशास्त्राच्या काटेकोर मोजमापाचे व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क त्यांच्यासोबत ठेवू नका. त्या कामाला निर्जंतुकीकरण लागत नाही.

धुणे आणि वाळवणे

मळलेली काच निर्जंतुक होत नाही, ती फक्त भाजली जाते. वाळलेल्या आगरच्या (माध्यम घट्ट करणाऱ्या पदार्थाच्या) थराखाली बीजाणू सुरक्षित बसतात आणि ओव्हनमध्ये तो थर काचेला कायमचा चिकटतो. वापरलेल्या प्लेट आधी ऑटोक्लेव्हमधून काढा, आगर पातळ असतानाच काढून टाका, मग साबणाच्या कोमट द्रावणात भिजवा. ब्रशने कडा आणि कोपरे घासा. ट्यूबचा तळ विशेष घासा, सगळा मळ तिथेच असतो.

मग नळाच्या पाण्याने भरपूर खळबळा आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटरने. ही शेवटची पायरी टाळायचा मोह होतो. फोंडा-तिसवाडीकडे ओपाहून येणारे पाणी पिण्याला चांगले असले तरी त्यात क्षार आणि क्लोरीन असतेच. ते काचेवर सुकून ओव्हनमध्ये भाजले की पांढुरके डाग पडतात. जांभ्या दगडाच्या भागात विहिरीचे पाणी वापरत असाल तर काही ठिकाणी लोहाचे पिवळे-तांबूस डाग दिसतील. ते ऑक्झॅलिक आम्लाच्या पातळ द्रावणात भिजवून निघतात. हातमोजे घाला, ते विषारी आहे, आणि नंतर खूप वेळा खळबळा. क्रोमिक आम्लाने काच चकचकीत करायची जुनी पद्धत काही ठिकाणी अजून चालते. त्यातले षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. शक्य तिथे ती पद्धत सोडा.

धुतलेली काच उजेडासमोर धरून पाहा. कडेला टवका गेलेली प्लेट, ट्यूबच्या तळाला तारेसारखी पडलेली चीर, हे सगळे बाजूला काढा. अशी काच तापताना किंवा थंड होताना फुटते आणि सोबतच्या गठ्ठ्यांतही काचेचे कण जातात.

वाळवणे हे गोव्यात, विशेषतः जून ते सप्टेंबर, स्वतंत्र काम आहे. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या भागात त्या महिन्यांत हवेतला ओलावा नव्वदीच्या घरात असतो. मार्चमध्ये रात्रभर उपडी ठेवलेली ट्यूब सकाळी कोरडी होते. जुलैत तीच ट्यूब दुसऱ्या दिवशीही आतून ओली असते. ओली काच ओव्हनमध्ये गेली की तीन गोष्टी होतात. पाणी उडून जाईपर्यंत ती काच १०० अंशांच्या आसपास अडकून राहते आणि तुमचा अंदाज चुकतो. कागद आणि कापूस ओले होतात. आणि एका बाजूला पाण्याचा थेंब, दुसऱ्या बाजूला तापलेली काच अशा ताणाने साधी सोडा-लाइम काच तडकते. स्वस्त कल्चर ट्यूब बहुतेक सोडा-लाइमच्या असतात. तापल्यावर ती काच बोरोसिलिकेटच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते.

म्हणून पावसाळ्यात काच न गुंडाळता आधी ६० ते ८० अंशांवर, वरचा व्हेंट (हवा बाहेर जायचे भोक) पूर्ण उघडा ठेवून, पूर्ण सुकवून घ्या. थंड झाल्यावर गुंडाळा आणि मग खरा ओव्हन लावा. याला एक जास्तीचा टप्पा लागतो. त्याची सवय करून घ्या.

गुंडाळणे

गुंडाळण्याचा हेतू दोन टप्प्यांचा आहे. उष्णता आत जाऊ द्यायची आणि बाहेर काढल्यावर जंतू आत जाऊ द्यायचे नाहीत.

पेट्री प्लेट चार-पाचच्या गठ्ठ्याने खाकी कागदात घट्ट गुंडाळा. वर्तमानपत्राचा कागदही सर्रास वापरतात, पण १७० च्या पुढे तो लवकर ठिसूळ होतो. दहा-बारा प्लेटचा एकच गठ्ठा बांधला तर काम पटकन होते, पण मधल्या प्लेटला उष्णता पोचायला फार उशीर होतो. पिपेटच्या तोंडाच्या बाजूला न शोषणाऱ्या कापसाचा छोटा बोळा घाला. तो फार घट्ट नको आणि बाहेर लोंबता तर अजिबात नको. मग टोके तळाकडे करून पिपेट स्टीलच्या डब्यात ठेवा, तळाला कापसाची गादी द्या. ट्यूबना कापसाचे बोळे किंवा अॅल्युमिनियमची टोपी. फ्लास्कच्या तोंडावर कापसाचा बोळा आणि वर दुहेरी फॉइल.

प्रत्येक गठ्ठ्यावर पेन्सिलीने तारीख, आत काय आहे आणि कोणी गुंडाळले ते लिहा. शाईच्या पेनाचे अक्षर भाजल्यावर पुसट होते.

ओव्हन भरणे

हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक. म्हणून हॉट एअर ओव्हनमध्ये पंखा असतो, आणि पंख्याने ढकललेल्या हवेला फिरायला जागा लागते. पेटी दोन-तृतीयांशाहून जास्त भरू नका. गठ्ठ्यांमध्ये बोटभर अंतर ठेवा, भिंतींना आणि मागच्या पंख्याच्या जाळीला काही टेकू देऊ नका. शेल्फ जाळीचे असावे. कोणी त्यावर फॉइल किंवा ट्रे पसरला असेल तर काढा, त्याने खालून वर जाणारी हवा पूर्ण अडते. जड आणि मोठी वस्तू खालच्या शेल्फवर, हलकी वर.

ओव्हन २ ते ३ किलोवॅटचा असतो. त्याला स्वतंत्र १६ अँपियरचा सॉकेट द्या, एक्स्टेंशन बोर्ड लावू नका. दोना पावला, वास्को अशा किनाऱ्यालगतच्या ठिकाणी खाऱ्या हवेने प्लगच्या पिना आणि वायरचे जोड गंजतात. वर्षातून एकदा इलेक्ट्रिशियनला दाखवा.

दार बंद करून ओव्हन सुरू करा. पंखा चालू आहे ना याचा आवाज ऐका. पंखा बंद पडला तरी हीटर चालूच राहतो आणि डिस्प्ले बिनदिक्कत १६० दाखवत राहतो. वरचा व्हेंट सुरुवातीला उघडा ठेवा म्हणजे उरलेला ओलावा निघून जाईल. ११०–१२० अंशांच्या आसपास तो बंद करा.

घड्याळ

आता मुख्य गोष्ट. डिस्प्लेवरचा आकडा हा पेटीतल्या एका कोपऱ्यात बसवलेल्या सेन्सरजवळच्या हवेचा असतो. पोदेराच्या भट्टीत पावाचे वरचे कवच तांबूस झाले म्हणून आतला गाभा भाजला असे होत नाही, तसेच इथे आहे. हवा १६० ला पोचली म्हणजे स्टीलच्या डब्यातल्या पिपेट पोचल्या असे नव्हे. डब्यात अडकलेली हवा, कागदाचे पदर, एकावर एक रचलेल्या प्लेट, हे सगळे उष्णतेला अडवतात. भरलेल्या ओव्हनमध्ये हवा आणि काच यांच्यात अर्ध्या तासाचा, कधी त्याहून जास्त फरक पडू शकतो.

हा फरक तुमच्या ओव्हनसाठी किती आहे हे एकदा मोजावेच लागते. त्यासाठी बारीक तारेचा के-प्रकारचा थर्मोकपल (टोकाचे तापमान सांगणारी तार) आणि साधा डिजिटल मीटर लागतो. तारेवरचे आवरण ग्लास फायबरचे असू द्या, पीव्हीसीचे वितळते. तार वरच्या व्हेंटमधून आत सोडा आणि तिचे टोक सगळ्यात मधल्या गठ्ठ्यातल्या मधल्या प्लेटला टेकवून कागद पुन्हा बांधा. पिपेटचे डबे वापरत असाल तर एका डब्याच्या मधोमध टोक ठेवा. ओव्हन तुम्ही कधीही भराल त्यातला सर्वांत जास्त भार ठेवा. सुरू करा आणि दर ५ मिनिटांनी दोन आकडे लिहा, डिस्प्लेचा आणि मीटरचा.

समजा, सकाळी ९ ला सुरू केले. डिस्प्ले ९.३५ ला १६० वर पोचला. मीटर मात्र १०.१५ ला पोचला. म्हणजे तुमच्या ओव्हनला, या भाराला, डिस्प्लेनंतर ४० मिनिटांचा उशीर आहे. दोन तास १०.१५ पासून मोजायचे, ते १२.१५ ला संपतात. हीच चाचणी आणखी दोनदा करा, टोक वेगवेगळ्या जागी ठेवून: एकदा खालच्या शेल्फवर दाराजवळ, एकदा वरच्या कोपऱ्यात. तिन्हींत जी जागा सर्वांत उशिरा पोचते तिचा वेळ धरा. तो आकडा कागदावर लिहून ओव्हनच्या दाराशेजारी लावा: ‘पूर्ण भार, डिस्प्ले १६० झाल्यानंतर इतकी मिनिटे थांबून मग दोन तास.’ पुढच्या वर्षी येणाऱ्या नवख्याला हा कागद कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडतो. ओव्हन दुरुस्त झाला, पंखा बदलला किंवा नवे डबे आले की चाचणी पुन्हा.

थर्मोकपल मिळत नाही अशी जागा असते, विशेषतः लहान कॉलेजांत. तिथे १७० लावा, आणि काच धातूच्या डब्यात असेल तर डिस्प्ले १७० झाल्यावर किमान २ तास ठेवा. पाणी तपासणीच्या रूढ पद्धतींत धातूच्या डब्यातल्या काचसामानाला हीच वेळ सांगतात, आणि ती उगाच सांगितलेली नाही. व्हेंटमधून घातलेला काचेचा थर्मामीटर डिस्प्ले खरे बोलतो का एवढे सांगेल, काचेचे तापमान सांगणार नाही.

दार मध्येच उघडायचे नाही. एखादा गठ्ठा आत ठेवायचा राहिला असेल तर तो पुढच्या खेपेला. मध्येच ठेवलेल्या थंड वस्तूमुळे आधीच्या सगळ्या सामानाचे तापमान उतरते.

आणि लाईट जाते. पावसाळ्यात, फांदी तारांवर पडली की, काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत जाते. तापत असताना गेली तर काही बिघडत नाही, आल्यावर पुन्हा तापू द्या. दोन तासांच्या मोजणीत गेली तर मीटर पुन्हा १६० ला पोचू द्या आणि मोजणी शून्यापासून सुरू करा. आधीचे ५० मिनिटे आणि नंतरचे ७० मिनिटे यांची बेरीज करू नका. दुपारी तुम्ही जेवायला गेला असताना लाईट जाऊन आली तर तुम्हाला कळणारही नाही, म्हणून मोजणीच्या काळात कोणीतरी जवळपास असावे, किंवा तापमान नोंदवणारा रेकॉर्डर असावा.

थंड होऊ देणे

वेळ संपली की हीटर बंद करा आणि दाराला हात लावू नका. १६० अंशांच्या काचेवर बाहेरची हवा आली की ती तडकू शकते. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे: आतली गरम हवा आकसते तेव्हा बाहेरची हवा धूळ आणि बीजाणूंसह आत ओढली जाते, आणि कापसाच्या बोळ्यातून ट्यूबमध्येही. थंड होणे जितके सावकाश तितकी ही ओढ कमी. आतले तापमान ६० च्या खाली येईपर्यंत थांबा. भरलेल्या ओव्हनला सहज दोन-तीन तास लागतात.

सगळे मिळून हिशेब करा: तापायला सव्वा तास, धरून ठेवायला दोन तास, थंड व्हायला अडीच तास. म्हणजे सुमारे पावणेसहा तास. ‘निर्जंतुकीकरणाला किती वेळ लागतो’ याचे खरे उत्तर पुस्तकातले दोन तास नाही, हे आहे. दुपारी २ चे प्रॅक्टिकल असेल तर सकाळी ओव्हन लावून चालणार नाही. आदल्या दिवशीच लावा.

काढताना कोरडे उष्णतारोधक हातमोजे घाला. ओल्या मोज्यातून उष्णता क्षणात हाताला पोचते आणि भाजते.

खात्री कशी करायची

ऑटोक्लेव्हची पट्टेरी टेप ओव्हनच्या गठ्ठ्यांना लावू नका. ती वाफेसाठी बनवलेली आहे, कोरड्या उष्णतेत तिचा रंग बदलला तरी त्याचा काही अर्थ नाही. कोरड्या उष्णतेची टेप वेगळी मिळते. ती सुद्धा एवढेच सांगते की हा गठ्ठा ओव्हनमधून गेला आहे. किती वेळ, ते सांगत नाही. ब्राऊन ट्यूब, ज्यातले तांबडे द्रावण पुरेशा तापमान-वेळेनंतर हिरवे होते, ती याहून बरी. कोरड्या उष्णतेची ब्राऊन ट्यूब वेगळी असते, ऑर्डर देताना पाहून घ्या.

खरी परीक्षा जिवंत बीजाणूंची. कोरड्या उष्णतेसाठी *बॅसिलस अॅट्रोफीअस* या जिवाणूच्या साधारण १० लाख बीजाणूंची पट्टी मिळते. वाफेसाठीचा जिवाणू वेगळा आहे, *जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस*, त्याची अदलाबदल नको. पट्टी सर्वांत उशिरा तापणाऱ्या जागी गठ्ठ्यात ठेवा. नंतर ती ट्रिप्टोन सोया ब्रॉथमध्ये घालून ३० ते ३५ अंशांना ७ दिवस ठेवा. सोबत ओव्हनमध्ये न गेलेली एक पट्टीही ठेवा. न तापवलेल्या पट्टीत वाढ आली आणि तापवलेलीत आली नाही, तर काम झाले. न तापवलेलीतही वाढ आली नाही तर पट्टीच मेलेली होती आणि तुमच्या चाचणीला अर्थ नाही. रोज हे करण्याची गरज नाही. ठरावीक काळाने आणि ओव्हन दुरुस्तीनंतर करा.

कारखान्यात आणि सागरी संशोधनात नवख्यांना १६० पेक्षा फार वरचे आकडे ऐकू येतील, त्यांनी गोंधळू नका. इंजेक्शनच्या बाटल्या २५० अंशांना ३० मिनिटे भाजतात, ते मेलेल्या जिवाणूंचे ताप आणणारे अवशेष, म्हणजे पायरोजेन, जाळण्यासाठी. १६० ला जिवाणू मरतो, त्याचे एंडोटॉक्सिन उरते. आणि समुद्राच्या पाण्यातला सेंद्रिय कार्बन मोजणारे लोक काच ४५० अंशांना काही तास मफल फर्नेसमध्ये ठेवतात, कारण बोटाच्या ठशातला कार्बनही त्यांचे मोजमाप बिघडवतो. तीन कामे, तीन तापमाने.

साठवण आणि नोंद

निर्जंतुक गठ्ठा कोरडा असेपर्यंत निर्जंतुक. कागद ओलसर झाला की त्या ओलाव्यातून जंतू आत जाऊ शकतात, आणि दमट कापसावर बुरशी चढून बोळ्यातून आत उतरते. पावसाळ्यात म्हणून कागदाच्या गठ्ठ्यांपेक्षा घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे भरवशाचे. कपाट भिंतीपासून थोडे पुढे ठेवा, पावसाळी भिंत पाणी सोडते. कपाटात सिलिका जेलची पिशवी ठेवली तर ती रंग बदलल्यावर वाळवून पुन्हा वापरा.

चवथीच्या सुट्टीनंतर प्रयोगशाळा उघडली की आधी गुंडाळून ठेवलेले सगळे गठ्ठे हाताने दाबून पाहा. जो मऊ लागेल, ज्याचा कागद सुरकुतला असेल, ज्यावर ठिपका दिसेल, तो उघडायचा. कागद नवा घ्यायचा, काच सुकवायची आणि पुन्हा पूर्ण वेळ द्यायचा. गठ्ठा फाटला किंवा जमिनीवर पडला तरी तेच.

ओव्हनशेजारी एक वही ठेवा. तारीख, भारात काय होते, डिस्प्ले नेमलेल्या तापमानाला कधी पोचला, मोजणी कधी सुरू झाली, कधी संपली, दार किती अंशांना उघडले, लाईट गेली का, आणि सही. एखाद्या दिवशी नियंत्रण प्लेटवर, म्हणजे नमुना न घातलेल्या प्लेटवर, जिवाणूंची वसाहत उगवली तर चूक माध्यमात होती, हातात होती की ओव्हनमध्ये, हे शोधायला ही वही लागते. ‘मोजणी कधी सुरू झाली’ हा रकाना डिस्प्लेच्या रकान्यापेक्षा वेगळा असू द्या. दोन्ही रकान्यांत एकच वेळ लिहिलेली दिसली तर त्या भारातली काच वापरायला देऊ नका, परत ओव्हनला लावा.